जाहिरात कमी, उत्तर आधी

रायपूरच्या मालवीय रोडवरून गोल बाजारात शिरलं की हातात यादी घेतलेलं एखादं लग्नघर दिसतंच. परातीपासून पूजेच्या सामानापर्यंत, किराण्यापासून छत्तीसगडी लग्नातल्या मौर आणि पर्रा-बिजन्यापर्यंत सगळं या एका बाजारात मिळतं. जन्मापासून तेराव्यापर्यंतचं सामान इथंच, असं रायपूरकर सांगतात. तात्यापारा, चौबे कॉलनीतल्या मराठी घरांनाही हा बाजार चुकत नाही. पण गल्ल्या अरुंद, गाडी लावायला जागा नाही. ‘माल आहे का?’ एवढंच विचारायला कोण पुन्हा येणार? तो प्रश्न आता व्हॉट्सॲपवर विचारला जातो.

आणि गाडी अडते ती इथंच. नंबर दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेला असतो, रोज सकाळी गुलाबाच्या फुलासह ‘सुप्रभात’ही येतं, विचारलेल्याचं उत्तर मात्र संध्याकाळपर्यंत येत नाही.

व्हॉट्सॲपचं व्यवसायासाठीचं वेगळं ॲप जानेवारी २०१८ मध्ये आलं. छोट्या दुकानदाराला ते फुकट आहे. दुकानाचा पत्ता, वेळ, सुट्टीचा वार त्यात टाकता येतो. नोव्हेंबर २०१९ पासून मालाचे फोटो आणि भाव मांडायची ‘कॅटलॉग’ची सोय झाली. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवता येतात, दुकान बंद असताना आपोआप निरोप जातो. सगळ्यात कामाची, पण फारशी कुणी न वापरलेली सोय म्हणजे लेबलं. ‘पैसे यायचेत’, ‘माल बांधला’, ‘उधारी’ अशी चिठ्ठी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या संवादाला लावता येते. लग्नसराईत एका फोनवर पन्नास घरांच्या याद्या येतात तेव्हा कुणाच्या परातीवर कुणाचं नाव कोरायचं, हा घोळ त्याने टळतो.

आता समजा, मुलाचं लग्न महिन्यावर आलंय आणि घरातल्या मावशींनी मुंडावळ्यांचा जुना फोटो पाठवून विचारलं, ‘भैया, ऐसा मिलेगा क्या?’ यावर ‘दुकान पे आ जाइए’ किंवा ‘रेट मिलके बताएंगे’ असं उत्तर आलं की मावशी पुढच्या दुकानदाराला तोच फोटो पाठवतात. उलट, तीन नमुन्यांचे फोटो, प्रत्येकाखाली भाव आणि ‘शनिवारपर्यंत बाजूला ठेवतो’ एवढी ओळ आली, तर सौदा निम्मा झालाच. भाव लपवण्याची जुनी खोड फोनवर तरी महागात पडते.

जाहिरात करायचीच असेल तर ग्रुप आणि ब्रॉडकास्ट यांतला फरक आधी समजून घ्यायला हवा. गिऱ्हाइकांचा ग्रुप केला की प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. शेजारच्या दुकानदाराचा भाचा त्यात असला तर तुमची गिऱ्हाइकं त्याला आयतीच मिळाली. ब्रॉडकास्टमध्ये निरोप ज्याला त्याला स्वतंत्र जातो, एका यादीत २५६ जणांपर्यंत. मात्र तो पोचतो फक्त ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केलाय त्यांनाच. दुकानदारांना ही अट जाचक वाटते. मला ती या सगळ्यातली सर्वांत शहाणी अट वाटते. आपलं नाव गिऱ्हाइकाने जतन करावं असं वाटत असेल, तर आधी ते कमवायला हवं. बिल देताना ‘नंबर सेव्ह कर लीजिए, नया माल आएगा तो फोटो भेज दूंगा’ म्हणण्याइतकं.

हा रस्ता लांबचा वाटला की काही जण हजारो नंबरांची यादी विकत घेतात आणि घाऊक निरोप सोडणारी चोरटी ॲप्स वापरतात. व्हॉट्सॲपच्या नियमांत हे बसत नाही. लोक ब्लॉक करतात, तक्रार करतात आणि एके दिवशी नंबरच बंद होतो. पाटीवर, बिलावर, पिशवीवर छापलेला तोच नंबर! मोठ्या कंपन्यांना परवानगीने घाऊक निरोप पाठवण्याची वेगळी सेवा आहे, पण तिथे जाहिरातीच्या निरोपाला पैसे पडतात आणि गिऱ्हाइकाची संमती घ्यावीच लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा मुख्य आधारही संमतीच आहे. बिलासाठी घेतलेला नंबर भाच्याच्या मोबाइल दुकानाला देऊन टाकायचे दिवस सरत आले आहेत.

पैशांच्या बाबतीत एकच सांगणं: गिऱ्हाइकाने पाठवलेला ‘पेमेंट झालं’चा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. तसला फोटो कुणालाही बनवता येतो. खात्यात रक्कम दिसल्याशिवाय माल बांधू नये.

लग्नाच्या बाजारात आणखी एक फसवणूक शिरली आहे. अनोळखी नंबरावरून ‘लग्नाची पत्रिका’ येते आणि फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. ती पत्रिका नसते, फोनमध्ये शिरणारं ॲप असतं. ते बसवलं की बँकेचे ओटीपीदेखील चोराच्या हाती लागू शकतात. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते. दुकानाचा फोन दिवसभर अनोळखी फाइली उघडत असतो, म्हणून काउंटरवरच्या पोराला हे आजच सांगून ठेवा. आणि पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.