कुत्र्याचा धनी

कुत्रा हा इमानी प्राणी आहे, हें वाक्य आपण प्राथमिक शाळेपासून निबंधांत लिहीत आलों. परंतु धन्यानेंही कुत्र्याशीं इमान राखलें पाहिजे, ही गोष्ट त्या निबंधांत सहसा येत नाहीं. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत धर्मराज युधिष्ठिर, सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गांत जाण्याचें नाकारतो. तेथें कसोटी लागते ती धन्याच्या इमानाची. भाकरीचा तुकडा टाकला व गळ्यांत दोरी बांधली म्हणजे कुत्रा पाळला, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तो पाळण्याचा केवळ आरंभ होय. धन्याकडे कोणतीं कामें येतात, तीं कशीं करावीं व त्यांचें फळ काय, याचा थोडक्यांत विचार करूं.

प्रथम आपल्याच भागांतील उदाहरण घेऊं. साक्री व शिंदखेडा तालुक्यांत ठेलारी मेंढपाळांची वस्ती आहे. पावसाळा सरला म्हणजे हे लोक बिऱ्हाड घेऊन मेंढ्यांसह चराईस निघतात व रात्रीं एखाद्या शेतांत मेंढ्या बसवितात. लांडग्यापासून व चोरापासून कळपाचें रक्षण करण्यास कुत्र्यांची मोठी मदत होते. मेंढीच्या अंगावर जावयाचें नाहीं, पण परक्याची चाहूल लागतांच गप्प बसावयाचें नाहीं, हा विवेक त्यांस कोठून येतो? कळपाजवळ वाढणारें पिलूं लहानपणापासून मेंढ्यांत वावरतें व थोर कुत्र्यांच्या पाठोपाठ हिंडतें. बालवय, नित्याची सोबत आणि ठराविक काम, या तीन गोष्टींनीं तें शहाणें होतें. घरच्या कुत्र्यालाही याच तीन गोष्टी लागतात.

पिलाचे डोळे सुमारें दोन आठवड्यांनीं उघडतात. तिसऱ्या आठवड्यापासून साधारणपणें चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ हें त्याचें जग ओळखण्याचें वय होय. यांतील पहिले आठ आठवडे त्यानें आईजवळ व भावंडांत काढावे. चावलें तर समोरच्यास दुखतें, हें तें भावंडांशीं खेळतांनाच शिकतें. डोळे उघडले न उघडले तोंच पिलूं उचलून आणणारीं मुलें आईच्या दुधाबरोबर त्याचा हा पहिला धडाही बुडवितात. पिलूं घरीं आल्यावर त्याला बैलगाडी, सायकल, ट्रॅक्टर, म्हैस, पागोटें घातलेले आजोबा, दंगा करणारीं मुलें, हें सर्व हळूहळू व न भिवविता दाखवावें. या वयांत ज्याची भीति मोडली, त्यावर पुढें तो सहसा धांवून जात नाहीं.

आतां शिक्षणाकडे वळूं. रशियांतील शास्त्रज्ञ इवान पावलोव्ह यांना पचनक्रियेवरील संशोधनासाठीं १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. अन्नापूर्वीं नेहमीं एखादी खूण झाली, तर पुढें नुसत्या खुणेनेंही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतें, हें त्यांनीं दाखवून दिलें. लागोपाठ घडणाऱ्या दोन गोष्टींची सांगड कुत्रा घालतो, हा त्याचा अर्थ. म्हणून बक्षीस द्यावयाचें तें तत्क्षणीं. 'बस' हा शब्द शिकवावयाचा असेल, तर भाकरीचा तुकडा त्याच्या नाकाशीं धरून किंचित् वर व मागें न्यावा. मान वर होते व पाठीमागचा भाग आपोआप टेकतो. टेकतांच शब्द उच्चारावा, तुकडा द्यावा व पाठ थोपटावी. एका वेळीं पांच-दहा मिनिटें पुरेत. पण खंड पडूं देऊं नये.

घरांत शब्दही एकच असावा. वडील 'बस' म्हणतात, आजी अहिराणींत 'बठ' म्हणते आणि थोरला भाऊ ऐट म्हणून 'सिट' म्हणतो. मग कुत्रा ऐकत नाहीं असा बोभाटा होतो! बिचाऱ्यानें कोणाची भाषा शिकावी?

उशिरा केलेली शिक्षा तर निरुपयोगीच नव्हे, घातक आहे. दुपारीं कुत्र्यानें चप्पल कुरतडली. संध्याकाळीं धन्यानें हांक मारून त्याला काठी हाणली. कुत्र्यानें यांतून चपलेविषयीं कांहींच शिकलें नाहीं. हांक ऐकून जवळ गेलें कीं मार बसतो, एवढें मात्र तो पक्कें शिकला. पुढें रस्त्यांत मोटारीसमोर उभा असतांना धनी जिवाच्या आकांतानें हांक मारतो व तो जवळ येत नाहीं. याचा दोष कुत्र्याला कसा द्यावा?

दिवसभर सांखळीस बांधलेला कुत्रा चिडखोर होतो. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा असा कीं, अवाजवी आंखूड वा जड सांखळीनें फार वेळ बांधून ठेवणें आणि नित्य बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणें, हे दोन्ही गुन्हे होत.

खानदेशच्या उन्हाळ्यांत हें फिरविणें सूर्योदयापूर्वीं किंवा रात्रीं जमीन निवाल्यावर करावें. आपल्यासारखा सर्वांगास घाम सुटून कुत्र्याचें शरीर थंड होत नाहीं. जीभ बाहेर काढून धापा टाकणें हाच त्याचा मुख्य उपाय. रस्त्यावर हाताची पालथी बाजू टेकून पाहावी; आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसवणार नाहीं. सावली व ताजें पाणी सदैव असावें. आपल्या तिखट भाजीचा रस्सा त्याला घालूं नये; कांदा, लसूण, मनुका व चॉकलेट हीं त्याला विषासमान आहेत, आणि शिजविलेलें हाड मोडून त्याची कपची आंत रुतते.

सर्वांत गंभीर कर्तव्य रेबीज म्हणजे पिसाळरोगासंबंधीं आहे. लक्षणें दिसूं लागल्यावर या रोगांतून रोगी बहुधा वांचत नाहीं. परंतु वेळीं उपाय केल्यास तो टाळतां येतो. ६ जुलै १८८५ रोजीं लुई पाश्चर यांच्या देखरेखीखालीं जोझेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पॅरिस येथें पहिली लस टोंचण्यांत आली, व तो वांचला. आजच्या लसी त्याहून फार सुरक्षित आहेत. पिलूं तीन महिन्यांचें झालें कीं त्याला रेबीजची लस टोंचून घ्यावी व पुढें पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें ती पुन्हा देत जावी. कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुवावी आणि तडक सरकारी दवाखाना गांठावा. जखमेंत मिरचीची पूड वा चुना भरणें, मंत्र घालणें, यांत अमोल वेळ जातो. लशींचा क्रम अर्धवट सोडूं नये. विद्यार्थिमित्रांस विशेष सांगणें हें कीं, घरचें पिलूं असो वा गल्लींतलें, त्याचा दांत वा नखाचा ओरखडा लागला तर रागें भरतील या भीतीनें तें लपवूं नका. बोलणीं चार घटकांत विसरतील. लपविलेला ओरखडा मात्र प्राणावर बेतूं शकतो.

शेवटीं हिशेब वर्षांचा. कुत्रा दहा-तेरा वर्षें जगतो. पांचव्या इयत्तेंतील मुलानें आणलेलें पिलूं तो कॉलेजसाठीं धुळ्यास किंवा नाशकास जाईल तेव्हां ऐन मध्यम वयांत असेल. तेव्हां त्याला कोण फिरवील, हें घरांतील मंडळींशीं आधींच बोलून ठरवावें. इतकें साधणार नसेल तर दारच्या कुत्र्यासाठीं पाण्याचें भांडें ठेवावें; तीही चांगली सेवाच आहे.

ज्याला साधेल त्याला मोबदला भरपूर मिळतो. पहांटे उठण्याचा कंटाळा जातो; आपण चिडलों तर शिकवणें थांबतें, म्हणून राग आवरण्याची संवय लागते; आणि मुक्या जिवाला काय होतें हें डोळ्यांवरून, कानांवरून, शेपटीवरून ओळखतां येऊं लागतें. शाळेंतून परततांना गल्लीच्या वळणावर पावलें ओळखून जो धांवत येतो, त्याला या सर्व श्रमांचा जमाखर्च ठाऊक नसतो. धन्याला मात्र तो ठाऊक असतो, आणि त्याला ते श्रम थोडेच वाटतात.