हळदीची चमक आणि उजेडाचा नकाशा



सकाळी कवेलूच्या फटीतून घरात कवडसा पडतो. ती उजेडाची तिरीप तुम्हाला दिसते, कारण हवेत धूळ असते. धूळ नसती तर जमिनीवरचा ठिपका तेवढा दिसला असता, मधली वाट नाही.

शास्त्रज्ञांची अडचण हीच, फक्त माप फार बारीक. साध्या भिंगाने उजेड कितीही गोळा केला तरी त्याचा ठिपका साधारण अर्ध्या तरंगलांबीहून लहान होत नाही. जर्मनीच्या अर्न्स्ट आबे यांनी 1873 साली ही मर्यादा मांडली. हिरव्या उजेडाची तरंगलांबी सुमारे 530 नॅनोमीटर. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. एवढ्याशा ठिपक्यात मध्ये उजेड किती, कडेला किती, हे कसे पाहावे? पायलीने हळदीची चिमूट मोजता येत नाही. माप त्याहून लहानच हवे.

म्हणून तिथे काही नॅनोमीटरांचा चमकणारा कण ठेवतात. तो एका रंगाचा उजेड शोषतो आणि दुसऱ्या रंगाचा बाहेर टाकतो. रंगीत गाळणी मूळ उजेड अडवते, कणाचा तेवढा पुढे सोडते. मग कण थोडा थोडा सरकवून प्रत्येक जागी तो किती चमकला ते टिपतात. आपण वावरात नागमोडी चालत मातीचे नमुने घेतो, तसेच हे. फक्त आपण नमुने एकत्र कालवतो. इथे प्रत्येक जागेचा हिशेब वेगळा ठेवतात, आणि त्यातूनच उजेडाचा नकाशा तयार होतो.

ही चमक घरीही पाहता येते. आपल्या उमरखेड-महागाव भागातली हळद चिमूटभर घ्या, थोड्या स्पिरिटमध्ये घोळा आणि अंधारात नोटा तपासायच्या टॉर्चचा उजेड त्यावर टाका. जांभळ्या उजेडात हळद हिरवट-पिवळी उजळते. चूल जवळ नको, टॉर्च डोळ्यांवर नको. मुले हरखतील.

अशा कणांपैकी 'क्वांटम डॉट' नावाच्या कणांसाठी बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना 2023 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. यात कण लहान तर चमक निळ्याकडे, मोठा तर तांबड्याकडे, पदार्थ तोच. आपल्याकडे पुणे विद्यापीठात डॉ. सुलभा कुलकर्णी यांनी नॅनोकणांवर अनेक वर्षे काम केले.

याचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. सूक्ष्मदर्शकाचे भिंग नीट आहे का, हे असाच कण पाहून ताडतात. तो पसरट किंवा वाकडा दिसला तर भिंगात खोट. थुंकीतले क्षयाचे जंतूही चमकणारा रंग देऊन शोधतात. तिथे सूक्ष्मदर्शकाने दगा दिला तर आजारी माणूस औषधाविना घरी जातो.

एक सावधगिरी. कृषी केंद्रात 'नॅनो' लिहिलेल्या खताच्या बाटल्या मिळतात, त्यांचा या कणांशी संबंध नाही. कोणी 'चमकते कण फवारा, कपाशीला उजेड वाढेल' म्हणत दारात आला, तर पैसे देऊ नका. कण नवा उजेड तयार करत नाही, मिळालेल्यातलाच काही परत देतो. शिवाय यातल्या काही कणांत कॅडमियम असते, आणि ते एकदा जमिनीत गेले की सहजासहजी निघत नाही.