एका पाण्याचे मोल : मर्यादित सिंचन आणि रब्बी ज्वारीचे दाण्याचे उत्पन्न

सोलापूर जिल्ह्यात आणि मराठवाड्यात रब्बी ज्वारीची पेरणी पावसाळ्याच्या अखेरीस होते व पुढील सुमारे चार महिने हे पीक मुख्यतः जमिनीत साठलेल्या ओलीवरच वाढते. विहिरीस पाणी असले तरी ते बहुधा एका पाळीपुरतेच असते. हेक्टरी सहा सेंटीमीटरची एक पाळी म्हणजे सहा लाख लिटर पाणी. ते केव्हा द्यावे हाच शेतकऱ्यापुढील खरा प्रश्न होय.

दाण्याचे उत्पन्न हे दाण्यांची संख्या व प्रत्येक दाण्याचे वजन यांचा गुणाकार असते. आणि हे दोन घटक निरनिराळ्या वेळी निश्चित होतात. पेरणीनंतर सुमारे महिन्याभराने पोंग्याच्या तळाशी कणसाची घडण सुरू होते. तेव्हापासून फुलोऱ्यापर्यंतच्या काळात, विशेषतः पीक पोटरीत असताना, दाण्यांची संख्या ठरते. या सुमारास ओल तुटली तर कणसातील फुले गळतात, परागकण वांझ निघतात, आणि कणीस पोटरीतून पुरते बाहेरही पडत नाही. पुढे कितीही पाणी दिले तरी न धरलेला दाणा भरून येत नाही. उशिराच्या पाण्याने धरलेल्या दाण्यांचे वजन वाढते खरे, पण त्या वाढीस वाणाच्या गुणधर्माची मर्यादा असते.

याउलट फार लवकर, पीक गुडघाभरही नसताना दिलेल्या पाण्याने शेत हिरवेगार दिसते आणि पाहणारा फसतो. पानांचा विस्तार वाढला की बाष्पोत्सर्गही वाढतो. जमिनीतील साठा वेळेआधी संपतो आणि दाणे भरण्याच्या ऐन वेळी पीक कोरडे पडते. कडबा वाढतो, दाणा मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. अर्थात ज्याच्या दावणीला जनावरे आहेत त्याच्या हिशेबात कडब्यालाही मोल असते, हे संशोधकांनी विसरू नये.

तथापि पोटरीची अवस्था हा सर्व जमिनींना लागू पडणारा नियम नव्हे. मीटरभर खोल काळ्या जमिनीत पिकास उपलब्ध होणारी ओल सुमारे 15 ते 20 सेंटीमीटर असते. हातभर खोलीच्या जमिनीत ती याच्या निम्म्याहूनही कमी भरते. उथळ जमिनीत पोटरीपूर्वीच ताण जाणवू लागतो, म्हणून तेथे पाणी अलीकडे आणावे लागते. खोल जमीन पावसाने पुरती भिजली असेल तर पोटरीचा काळ साठ्यावर निभावतो व तेच पाणी फुलोऱ्यानंतर अधिक उपयोगी पडते. त्या वेळी ताण बसल्यास ताटातील साखर दाण्याकडे ओढली जाते, ताट पोकळ व दुबळे होते आणि जमिनीतील मॅक्रोफोमिना बुरशीमुळे खडखड्या रोग बळावून उभे पीक लोळते. केवळ पेरणीपासूनचे दिवस मोजून पाण्याची वेळ ठरविणे म्हणूनच अपुरे होय.

बाजरीची गोष्ट थोडी वेगळी. तिचे फुटवे मागेपुढे निसवत असल्यामुळे फुलोऱ्यापूर्वीच्या ताणाची भरपाई काही अंशी मागाहूनच्या कणसांतून होऊ शकते. एकाच ताटावर मुख्यतः विसंबून असणाऱ्या रब्बी ज्वारीला ती सवलत नाही.

व्यवहारातील आणखी एक अडचण भेगांची आहे. काळी जमीन सुकताच फाटते, आणि उशिरा सोडलेले पाणी वाफा भिजविण्याऐवजी त्या भेगांतून खाली उतरते. वेळीच कोळपणी करून भेगा बुजविल्या असतील तरच मोजून दिलेली पाळी शेताच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचते.