आकाशउडीसाठी बूट कोणते?

पहिल्यांदा आकाशातून उडी मारायला निघालेली मंडळी कपड्यांचा भरपूर विचार करतात, बुटांचा मात्र सहसा करत नाहीत. हवाई छत्री उघडण्यापूर्वी माणूस ताशी 190 ते 200 किलोमीटर वेगाने खाली येत असतो. इतक्या वेगाच्या वाऱ्यात चप्पल, सँडल किंवा सैल मोजडी टिकत नाही. शिवाय निसटलेली चप्पल खाली कुणाच्या डोक्यावर पडेल, सांगता येत नाही.

नाडीचे, पायाला घट्ट बसणारे, सपाट तळाचे साधे स्पोर्ट्स शूज सर्वांत बरे. नाडीला दुहेरी गाठ मारावी आणि उरलेली टोके आत खोचावीत. गिर्यारोहणाचे दणकट बूट घोट्याला आधार देतात खरे, पण त्यांच्यावर नाडी अडकवायला धातूचे उघडे हूक असतात. छत्री उघडताना तिच्या दोऱ्या वेगाने बाहेर येतात. पाय वेड्यावाकड्या स्थितीत असेल, तर एखादी दोरी त्या हुकात अडकू शकते, आणि हा धोका घोटा मुरगळण्यापेक्षा कितीतरी मोठा. असेच बूट घालायचे असतील, तर हुकांवर चिकटपट्टी गुंडाळावी.

प्रशिक्षकाशी बांधून घेऊन मारायच्या उडीत बऱ्याचदा पाय पुढे उचलून, बसल्यासारखे घसरत उतरतात. टाच उंच असेल किंवा तळाला खोल खाचा असतील, तर बूट जमिनीत रुततो आणि झटका थेट घोट्याला किंवा गुडघ्याला बसतो.

नवे कोरे बूट उडीच्या दिवशी घालू नका. रोजच्या वापरातले, पायाला सरावलेले घाला आणि विमानात चढण्यापूर्वी प्रशिक्षकाला दाखवा.