चूक पकडायला घरचा राखणदार की बाहेरचा?

मार्च १९८६. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या टायलर शहरात एका कर्करोग रुग्णावर किरणोपचार सुरू होते. थेरॅक-२५ या यंत्राच्या पडद्यावर 'मालफंक्शन ५४' असा संदेश उमटला. त्याचा अर्थ चालकाच्या पुस्तिकेत दिलेला नव्हता. ठरल्यापेक्षा कमी मात्रा गेल्याचे यंत्र दाखवत होते. असे संदेश नेहमीच येत असल्याने चालकाने 'पुढे चालू'ची कळ दाबली. प्रत्यक्षात १८० रॅडऐवजी हजारो रॅड किरण रुग्णाच्या शरीरात गेले होते. पुढे त्याचा मृत्यू झाला. १९८५ ते १९८७ या काळात या यंत्राने अतिमात्रेचे सहा अपघात घडवले.

आधीच्या थेरॅक-२० यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्येही दोष होते. पण तिथे स्वतंत्र विद्युत सुरक्षाव्यवस्था होती. गडबड झाली की फ्यूज उडायचा. नव्या यंत्रातून ती काढली गेली आणि सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर आली.

आज सलाईनचा पंप, अतिदक्षता विभागातला मॉनिटर, रिपोर्ट दाखवणारे मोबाइल अ‍ॅप अशा साऱ्यांमागे सॉफ्टवेअर असते. त्यात चूक होणारच, हे गृहीत धरून ती पकडण्याची सोय करावी लागते. त्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला, प्रोग्रॅमिंगच्या भाषेतच असलेली अंगभूत साधने. जावा, पायथनसारख्या भाषांत 'हे करून पाहा, फसले तर असे करा' अशी सूचना लिहिता येते. दुसरा, बाहेरच्या कंपन्यांची किंवा स्वयंसेवी गटांची तयार साधने. सेंट्री किंवा गूगलचे क्रॅशलिटिक्स हजारो फोनवरच्या चुका एका जागी गोळा करतात, सारख्या चुकांचे गट करतात आणि कोणत्या आवृत्तीत बिघाड आहे ते सांगतात.

दोन्हींचे गुण वेगळे आहेत. अंगभूत साधन इंटरनेट नसतानाही चालते आणि कोणावर अवलंबून नसते. पण दुर्गम पाड्यावर आरोग्यसेविकेचे अ‍ॅप बंद पडले, तर ते बनवणाऱ्याला त्याची खबर आपोआप लागत नाही. बाहेरचे साधन ती देते.

मात्र, घरचे साधन वापरले म्हणजे निश्चिंत, असे नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ रॉकेट उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत नष्ट झाले. त्याचे सॉफ्टवेअर अ‍ॅडा भाषेत होते आणि चुका हाताळण्याची सोय त्या भाषेतच आहे. पण एरियान-४ मधून जशाच्या तशा घेतलेल्या भागात एक मोठी संख्या छोट्या जागेत मावली नाही. संगणकावरचा भार मर्यादेत ठेवण्यासाठी त्या संख्येला संरक्षण दिलेले नव्हते. चूक होताच दिशादर्शक संगणकाने, ठरल्याप्रमाणे, स्वतःला बंद केले. राखीव संगणकही त्याच कारणाने आधीच बंद पडला होता. वर, बंद होताना त्याने पाठवलेला चुकीचा अहवाल मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वाचला आणि रॉकेट भलत्याच दिशेला वळवले.

बाहेरच्या साधनाचा धोका डिसेंबर २०२१ मध्ये जगाने पाहिला. चुका आणि घडामोडींची नोंद ठेवणारे 'लॉगफोरजे' हे जावासाठीचे मोफत साधन असंख्य कंपन्या वापरत होत्या. जावात २००२ पासून नोंदीची स्वतःची सोय आहे. तरी जास्त सोयींमुळे अनेकांनी हे साधन निवडले. त्यातल्याच एका सोयीत भगदाड निघाले. नोंदीत विशिष्ट मजकूर घुसवला की हल्लेखोराला सर्व्हरचा ताबा मिळू शकत होता. धोक्याच्या मापनात त्याला १० पैकी १० गुण मिळाले. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये हे साधन कुठे कुठे आहे, हे शोधण्यातच अनेक संस्थांचे दिवस गेले.

आरोग्यक्षेत्रात आणखी एक काळजी आहे. चुकीच्या अहवालासोबत रुग्णाचे नाव, फोन क्रमांक, तपासणीचा निकालही बाहेरच्या सर्व्हरवर जाऊ शकतो. भारताच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यानुसार, काम दुसऱ्या कंपनीकडे सोपवले तरी जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्याचीच राहते.

म्हणून कामाची वाटणी करणे शहाणपणाचे. चूक झाल्यावर त्या क्षणी काय करायचे, म्हणजे पंप थांबवायचा, गजर वाजवायचा की मागच्या सुरक्षित स्थितीत जायचे, हा निर्णय यंत्राच्या आतच व्हावा. तो इंटरनेटवर किंवा परक्या कंपनीवर अवलंबून नसावा. चुकांची खबर गोळा करणे, त्यांचा कल पाहणे, ही कामे बाहेरच्या साधनाला द्यावीत. पण रुग्णाची ओळख पुसूनच.

रुग्णालयासाठी नवे सॉफ्टवेअर घेणाऱ्यांनी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत. इंटरनेट गेले तर चूक कोण सांभाळेल? चुकीच्या अहवालातून कोणती माहिती बाहेर जाते? आणि पडद्यावर येणारा संदेश रात्रपाळीच्या परिचारिकेला समजेल अशा भाषेत आहे का? टायलरमध्ये चूक यंत्राने पकडली होती. पण नेमके काय बिघडले, हे समोरच्या माणसाला कळलेच नाही.