कागद आपला, कुलूप कुणाचे?

शासनाचा निर्णय मराठीत निघतो, पीडीएफ फाइलच्या रूपाने संकेतस्थळावर टाकला जातो आणि तो जनतेपर्यंत पोहोचला असे मानले जाते. परंतु त्या फाइलमध्ये 'शिष्यवृत्ती' हा शब्द शोधायला जा. संगणक अनेकदा सांगतो, असा शब्दच नाही! शब्द तर डोळ्यांसमोर ढळढळीत दिसत असतो. तो उचलून दुसरीकडे चिकटवला की वेलांट्या मागेपुढे होतात, रफार गळतो, जोडाक्षरांचे चौकोन होतात. जो मजकूर नुसता दिसतो, पण शोधता येत नाही, उतरवून घेता येत नाही, अंध विद्यार्थ्याचा संगणक त्याला वाचून दाखवू शकत नाही, तो खऱ्या अर्थाने जाहीर झाला असे कसे म्हणायचे?

हा कुणा एकाचा खोडसाळपणा नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे. १९९३ साली अडोबी कंपनीने पीडीएफ आणले ते कागद कोणत्याही यंत्रावर जसाच्या तसा दिसावा म्हणून. फाइलमध्ये मुख्यत्वे आकार आणि त्यांच्या जागा साठवल्या जातात. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे साधारण एक आकार, त्यामुळे तेथे निभावते. आपल्या 'शि'मध्ये वेलांटी टंकताना नंतर येते, पण काढली जाते आधी. 'र्थ'मधला रफार उच्चारात आधी आणि दिसतो मात्र डोक्यावर. कोणता आकार म्हणजे कोणते अक्षर, हा तक्ता फाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने नीट जोडला नाही तर वाचणारे सॉफ्टवेअर काय करणार? युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधील फाइलींची तर गतच निराळी. तेथे आत रोमन अक्षरे आणि वर मराठीचा मुखवटा.

पीडीएफ २००८ पासून आंतरराष्ट्रीय मानक झाले आहे. म्हणजे ते उघडायला अमुकच कंपनीचे सॉफ्टवेअर विकत घ्या, अशी सक्ती उरलेली नाही. तरी आमच्या तालुक्याच्या ठिकाणी 'पीडीएफमध्ये दुरुस्ती करायची' म्हटले की चोरीचे सॉफ्टवेअर नाही तर फुकटचे संकेतस्थळ, हे दोनच मार्ग लोकांना ठाऊक. अक्कलकुवा, धडगावकडून शहादा-लोणखेड्याला शिकायला आलेला मुलगा जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड अशा फाइली घेऊन नेट कॅफेत बसतो. अर्जात फाइल ठरावीक केबीच्या आत हवी असते. मग ती कुठल्या तरी अनोळखी संकेतस्थळावर चढवून लहान केली जाते. ते यंत्र कोणत्या देशात आहे, दाखल्याची प्रत तेथे किती दिवस राहते, हे कोण विचारतो? वनहक्काच्या दाव्यांची कागदपत्रेही अशीच फिरतात. वकील म्हणून मला हे अजिबात पटत नाही. अशिलाचा कागद अशिलाच्या संमतीशिवाय परक्याच्या हाती देऊ नये, हा आमच्या व्यवसायाचा पहिला धडा आहे.

लिनक्सवर ही सगळी कामे आपल्याच संगणकावर, इंटरनेट बंद ठेवून, एक पैसाही न देता होतात. वाचायला एव्हिन्स किंवा ओक्युलर. पाने मागेपुढे करायला, दोन फाइली जोडायला पीडीएफ अरेंजर. छापील अर्जावर लिहायला झुर्नल प्लस प्लस. फाइल लहान करायला घोस्टस्क्रिप्ट, जे १९८८ पासून चालत आले आहे. लिनक्ससाठीचा अडोबी रीडर कंपनीने २०१३ नंतर पुढे नेलाच नाही, तरी कुणाचे अडले नाही. एक्सपीडीएफ या जुन्या मुक्त प्रकल्पातून २००५ साली पॉपलर निघाले आणि एव्हिन्स, ओक्युलर त्यावरच चालतात. ई-कोर्ट प्रकल्पात आपल्या न्यायालयांच्या संगणकांवर उबुंटू लिनक्स आले, हे तर कितीतरी वकिलांना आजही माहीत नसते.

एक गोष्ट मात्र जरा विस्ताराने सांगितली पाहिजे. अत्याचाराच्या खटल्यात पीडितेची ओळख उघड करता येत नाही. बालकांच्या प्रकरणात तर कायदा अधिकच कडक आहे. कार्यकर्ते निवेदनाला फिर्यादीची प्रत जोडतात आणि नावावर काळी पट्टी ओढतात. ती पट्टी बहुतेक वेळा वरून ठेवलेला निव्वळ चौकोन असते. खालचा मजकूर तसाच शिल्लक राहतो, उचलून चिकटवला की नाव बाहेर! अमेरिकेत जानेवारी २०१९ मध्ये पॉल मॅनफोर्टच्या नामांकित वकिलांच्या कागदात नेमके असेच घडले आणि झाकलेला मजकूर पत्रकारांनी सहज वाचला. लिबर ऑफिसमध्ये २०१९ च्या ६.३ आवृत्तीपासून यासाठी स्वतंत्र सोय आहे. ती पानाचे चित्र करून फाइल बनवते, त्यामुळे पट्टीखाली मजकूर उरतच नाही. आमच्याकडे एवढ्या एका कारणासाठी जरी कुणी लिनक्स शिकला तरी मी त्याला शिकवायला तयार आहे.

अडचणी नाहीत असे नाही. ओक्युलरमध्ये २०२१ पासून डिजिटल सही करता येते, पण आपल्याकडे मिळणारे सहीचे टोकन लिनक्सवर चालेलच याची खात्री नसते. पीडीएफमधला छापलेला मराठी परिच्छेद लिबर ऑफिस ड्रॉमध्ये बदलायला गेलात तर ओळी तुटतात. असो.

आता स्कॅनच्या फाइलींबद्दल. बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने खंडरूपाने प्रकाशित करायला सुरुवात केली. आज हे खंड मोबाईलमोबाईलवर पीडीएफ होऊन फिरतात, आनंदाची गोष्ट आहे. पण फिरणाऱ्या कितीतरी प्रती म्हणजे पानांची नुसती छायाचित्रे. अठराव्या खंडातील मराठी भाषणांत 'महाड' हा शब्द कुठे कुठे आला ते शोधायचे तर पाने चाळत बसा. यावर टेसेरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ मध्ये सुरू झाले, २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले, आज त्याला मराठीही वाचता येते. ओसीआरमायपीडीएफ हे दुसरे साधन त्याच्या मदतीने छायाचित्राखाली अदृश्य मजकुराचा थर घालते. पान दिसते तसेच राहते आणि शब्द सापडू लागतो. ई-फायलिंगच्या नियमांनाही असाच शोधता येणारा पीडीएफ हवा असतो.

सॉफ्टवेअर मुक्त आहे याचा अर्थ ते सुधारणेही आपल्या हातात आहे. त्यासाठी प्रोग्रामर असावे लागत नाही. कोणत्या फाइलमध्ये कोणते जोडाक्षर चुकले हे नमुन्यासह पॉपलर किंवा टेसेरॅक्टच्या मंडळींना कळवणे, मेनूचे मराठी भाषांतर तपासणे, यंत्राने वाचलेले पान मूळ पानाशी ताडून पाहणे, ही कामे आपला पदवीधर तरुण करू शकतो. जर्मन आणि फ्रेंच माणसे आपापल्या भाषेसाठी ती करतात म्हणून त्यांच्या भाषा तेथे नीट चालतात. आपल्या विहारांत ग्रंथालये आहेत, काहींत संगणकही आहेत. त्यांवर वर्षभर वर्गणीचा हिशेब तेवढा होतो.

आणि शासनाकडे मागायचे ते मागितलेच पाहिजे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये माहिती इलेक्ट्रॉनिक रूपात मिळवण्याचा हक्क आहे, तर कलम ४ मध्ये ती स्थानिक भाषेचा विचार करून प्रसृत करण्याचे बंधन आहे. म्हणून अर्ज लिहिताना 'संगणकावर उपलब्ध असल्यास मूळ युनिकोड फाइल द्यावी, स्कॅन केलेली प्रत नको' एवढे वाक्य जोडावे. कार्यालयात तो मजकूर कुणीतरी संगणकावरच टंकलेला असतो. त्याची प्रिंट काढून, सही-शिक्का मारून, पुन्हा स्कॅन करून आपल्याला दिली जाते. सहीची प्रत हवीच, पण तिच्यासोबत मूळ फाइल पेनड्राइव्हवर द्यायला दोन मिनिटे लागतात.