१५ एप्रिलचा ठराव
१५ एप्रिलचा ठराव हा अमेरिकेतील पदव्युत्तर प्रवेशांविषयीचा संकेत आहे. तो कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या संस्थेने तयार केला असून सहभागी विद्यापीठे तो स्वेच्छेने पाळतात. त्यानुसार आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रवेशप्रस्तावाला १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर नसते. साहाय्याविना आलेल्या प्रस्तावांना ठराव लागू होत नाही. त्यांची मुदत आधीही संपू शकते.

चिकित्सालयीन मानसशास्त्राच्या पीएच.डी. अभ्यासक्रमांत जागा मोजक्याच असतात. एका उमेदवाराने अनेक प्रस्ताव राखून ठेवल्यास तितक्या जागा अडून राहतात व प्रतीक्षायादी पुढे सरकत नाही. त्यामुळे मार्गदर्शक, विद्यावेतन आदी बाबींची तुलना करून नको असलेले प्रस्ताव मुदतीची वाट न पाहता नाकारणे शिष्टसंमत मानले जाते.